एक्सपी मशीन नेटवर्कवर दिसतं, पण उघडत काहीच नाही: पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिचे कागद शोधायची रीत

माझ्याकडे एक फिल्म स्कॅनर आहे. जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करणारा, अजूनही ठणठणीत. त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढे कधी आलाच नाही, म्हणून त्याच्या जोडीला एक्सपी सर्व्हिस पॅक ३ (सुधारणांचा तिसरा गठ्ठा) असलेलं एक मशीन ठेवलंय. दोघांचं आपसात छान जमतं. भांडण होतं ते नेटवर्कशी. दर काही महिन्यांनी तेच दृश्य: खालच्या कोपऱ्यात दोन छोटे मॉनिटर निळे लुकलुकतायत, कर्सर नेला की 'कनेक्टेड, १०० एमबीपीएस' असं येतंय, राउटरला पिंग केलं (म्हणजे 'आहेस का?' असा निरोप पाठवला) तर एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर, आणि तरी ब्राउझरमध्ये 'पेज कॅनॉट बी डिस्प्लेड'. नाहीतर शेअर्ड फोल्डर गायब.

आतापर्यंत चार वेळा झालं. चारही वेळा चेहरा एकच, कारणं चार वेगळी. पहिल्या वेळी मी सरळ फॉरमॅट मारून एक्सपी नव्याने टाकलं. अख्खा दिवस गेला आणि अडचण जागच्या जागी, कारण सीडीतली विंडोजही त्याच वयाची होती.

चौथ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला. चारपैकी एकदाही विंडोजमध्ये काही बिघडलं नव्हतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. तेव्हापासून ते मशीन आपणहून काही बदलत नाही. बदलतं ते पलीकडचं: वेबसाइटचा सर्व्हर, राउटर, नेटवर्कवरची स्टोरेज पेटी, शेजारचं विंडोज १०. मी मात्र दर वेळी 'एक्सपी नेटवर्क दुरुस्ती' असंच शोधत होतो आणि २००५ सालचे सल्ले वाचत होतो. एक्सपी कसं चालतं हे कळायला एक्सपीच्या काळातला कागद, म्हणजे कंपनीचं लिखित साहित्य, लागतो, पण आज ते का अडलं याचं उत्तर बहुतेक वेळा पलीकडच्या वस्तूच्या नव्या रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या व्हर्जनमधल्या बदलांच्या यादीत, असतं. सगळा शोध या दोन टोकांतून करायचा.

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा

सगळ्यात आधी तारीख. वेळ नव्हे, तारीख. एक्सपीच्या टास्कबारवर फक्त वेळ दिसते, तारीख बघायला कर्सर वर न्यावा लागतो. दुसऱ्या वेळी मी दोन तास केबल, कार्ड, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) सगळं उलथंपालथं केलं. वेळ जवळपास बरोबर दिसत होती, म्हणून शंकाच आली नाही. शेवटी सहज कर्सर गेला तर तारीख १ जानेवारी २००२. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मेली होती आणि मशीन बंद करून चालू केलं की घड्याळ बायोसच्या मूळ तारखेला जात होतं. २००२ मध्ये बसलेल्या मशीनला आजचं प्रत्येक सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, 'अजून लागू झालेलं नाही' असंच वाटणार.

इथे एक गंमत आहे. तुम्ही म्हणाल, इंटरनेट टाइमच्या टॅबमध्ये जाऊन 'अपडेट नाऊ' दाबू. एक्सपी नकार देतं. तारीखच जुळत नसेल तर सुरक्षेच्या कारणासाठी वेळ जुळवता येत नाही, आधी तारीख दुरुस्त करा, असा निरोप येतो. म्हणजे तारीख हातानेच टाकायची आणि मग वेळ जुळवायची. बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात. ती बदलली नाही तर हे दुखणं दर आठवड्याला.

तारीख ठीक असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल'. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, ते स्वतःचं काहीतरी लावून बसलंय. तेव्हा केबल, पोर्ट, कार्डाचा ड्रायव्हर बघायचा, पुढचं काही वाचू नका. पत्ता बरोबर असेल तर राउटरला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या नावाला पिंग. नावाचा पत्ता सापडतोय का, एवढंच बघायचं. उत्तर नाही आलं तरी चालेल, काही सर्व्हर पिंगला उत्तर देतच नाहीत.

आता खरी चाचणी. राउटरचं सेटिंगचं पान बहुतेक ठिकाणी साध्या एचटीटीपीवर, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेल्या जोडणीवर, असतं. ते उघडा. ते उघडलं आणि 'एचटीटीपीएस'वालं काहीच उघडलं नाही, तर नेटवर्क धडधाकट आहे, अडलंय ते एन्क्रिप्शनच्या वाटाघाटीत. मग फायरफॉक्स ५२.९ मध्ये तीच साइट उघडून बघा. एक्सपीवर चालणारा फायरफॉक्सचा तो शेवटचा अवतार, २०१८ सालचा. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजचं एन्क्रिप्शन आणि विंडोजचीच सर्टिफिकेटं वापरतो. फायरफॉक्स दोन्ही गोष्टी स्वतःच्या घरून आणतो. त्यामुळे फायरफॉक्समध्ये उघडलं आणि एक्सप्लोररमध्ये नाही, तर दोष विंडोजच्या जुन्या एन्क्रिप्शनचा किंवा सर्टिफिकेटांचा, हे एका मिनिटात ठरतं. क्रोमचं म्हणाल तर एक्सपीसाठी त्याचं ४९ वं व्हर्जन शेवटचं, आणि तो सर्टिफिकेटं विंडोजकडूनच घेतो, म्हणून या चाचणीला उपयोगाचा नाही.

या सगळ्याच्या आधी लोक 'विनसॉक रीसेट' मारतात. विनसॉक म्हणजे प्रोग्रॅमना नेटवर्कशी जोडणारा विंडोजचा थर. मीही मारायचो. एखाद्या अँटीव्हायरसने किंवा खोडसाळ प्रोग्रॅमने विनसॉकची साखळी तोडली असेल तर तो उपाय रामबाण आहे, आणि मायक्रोसॉफ्टचा केबी ८११२५९ (केबी म्हणजे नॉलेज बेस, त्यांच्या क्रमांक दिलेल्या लेखांचा आणि अपडेटांचा साठा) हा लेख नेमका त्याबद्दल आहे. पण पत्ता मिळतोय, पिंग जातंय, साधं पान उघडतंय, अशा मशीनवर तो मारणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. टीसीपी-आयपी रीसेट करायचंच असेल तर केबी २९९३५७ बघा. एक्सपीवर त्या कमांडला शेवटी लॉग फाइलचं नाव द्यावं लागतं. ते न दिल्यामुळे 'कमांड चालत नाही' म्हणून वैतागलेले बरेच जण मी पाहिलेत.

एन्क्रिप्शन कुठे अडतं

एक्सपीच्या विंडोजी एन्क्रिप्शनला टीएलएस (वेबवरच्या एन्क्रिप्शनचं मानक) १.० पर्यंतचंच येतं. सर्व्हिस पॅक ३ लोकांच्या हातात पडला मे २००८ मध्ये आणि टीएलएस १.२ चं मानक प्रसिद्ध झालं ऑगस्ट २००८ मध्ये. तीन महिन्यांची चुकामूक. पुढे २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ बंद केले, मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाने त्यांना अधिकृतपणे निवृत्त केलं. सर्व्हरवाल्यांनी आपापल्या सवडीने जुनी दारं बंद केली. म्हणून एक्सपीवर साइट एकदम मरत नाहीत, एकेक करून मरतात, आणि आपल्याला वाटतं आज आपलंच काहीतरी बिघडलं.

दुसरं एक लक्षण ओळखून ठेवा. साइट उघडताना सर्टिफिकेटवर भलत्याच साइटचं नाव दिसतं. हा हल्ला असेलच असं नाही. एकाच पत्त्यावर अनेक साइट राहतात, तेव्हा ब्राउझरने 'मला अमुक साइट हवी' हे वाटाघाटीच्या सुरुवातीलाच सांगायचं असतं. त्याला एसएनआय म्हणतात. एक्सपीवरच्या एक्सप्लोररला ते येत नाही. मग सर्व्हर पहिलं हाताशी असलेलं सर्टिफिकेट पुढे करतो.

तिसरी गोष्ट रूट सर्टिफिकेटं, म्हणजे बाकीची सर्टिफिकेटं ज्यांच्या भरवशावर खरी मानली जातात ती मूळ सर्टिफिकेटं. माझी तिसरी वेळ हीच होती. ३० सप्टेंबर २०२१ ला 'डीएसटी रूट सीए एक्स३' या रूटची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेटं जुन्या मशीनांवर त्याच्याच भरवशावर चालत होती. त्याआधी ३० मे २०२० ला 'अ‍ॅडट्रस्ट एक्स्टर्नल' रूट संपलं तेव्हाही असाच गोंधळ झाला होता. उपाय असा: नव्या मशीनवर सर्टिफिकेटच्या यादीतून 'आयएसआरजी रूट एक्स१' हे लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं रूट एक्सपोर्ट करायचं, पेन ड्राइव्हवरून आणायचं आणि एक्सपीच्या 'ट्रस्टेड रूट' कप्प्यात इम्पोर्ट करायचं. इम्पोर्ट करण्याआधी ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, दोन्हीकडे जुळवून बघा. रूट सर्टिफिकेट म्हणजे घराची मास्टर किल्ली. कुठल्याही अनोळखी झिप फाइलमधून आलेलं रूट टाकू नका. हे रूट ४ जून २०३५ पर्यंत चालेल. सर्व्हिस पॅक ३ ला सर्टिफिकेटांवरच्या शा-२५६ या नव्या पद्धतीच्या सह्या वाचता येतात म्हणून हे शक्य आहे. तुमच्याकडे अजून सर्व्हिस पॅक २ असेल तर आधी ३ टाका, बाकीचं नंतर.

विंडोजच्याच एन्क्रिप्शनला टीएलएस १.२ शिकवणारं अपडेट आहे का? आहे: केबी ४०१९२७६. पण ते दुकानातल्या बिलिंग मशीनांसाठी असलेल्या 'पॉसरेडी २००९' या एक्सपीच्या भावंडासाठी निघालं होतं, ज्याचा सपोर्ट एप्रिल २०१९ पर्यंत चालला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, एक नोंद घालून साध्या एक्सपीला पॉसरेडीचं सोंग देता येतं, हे तुम्हाला शोधताना शंभर ठिकाणी दिसेल. ही अपडेटं साध्या एक्सपीला पुरतं संरक्षण देत नाहीत, असं मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच सांगितलं होतं. माझं मत: ज्या मशीनला एखादं उपकरण जोडलेलं आहे आणि जे बंद पडलं तर काम थांबतं, त्यावर हा खेळ करू नका. शिवाय करून फार पदरात पडत नाही, कारण टीएलएस १.२ आलं तरी आजच्या सर्व्हरांना हवे असलेले सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) त्यात नाहीत. निम्म्या साइट तरीही दार लावूनच बसतात.

शेअर्ड फोल्डरचा घोळ

माझी चौथी वेळ सगळ्यात त्रासदायक, कारण ती दर महिन्याला परत यायची. स्कॅन केलेल्या फाइल एक्सपीवर जमतात. महिन्यातून एकदा विंडोज १० च्या मशीनवरून मी त्या ओढून घ्यायचो. एक्सपीला फाइल शेअरिंगचा फक्त पहिला प्रोटोकॉल येतो, एसएमबी १. दुसरा व्हिस्टाबरोबर आला. विंडोज १० वर मी 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एसएमबी १ वर टिक केली, काम झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा बंद. पुन्हा टिक, पुन्हा सुरू. पुढच्या महिन्यात पुन्हा बंद. मला वाटायचं एखादं अपडेट येऊन सेटिंग पुसतंय.

एके दिवशी त्या टिकेच्या शेजारचं अधिकचं चिन्ह उघडलं. आत तीन ओळी: क्लायंट, सर्व्हर, आणि 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'. ती तिसरी ओळही टिक झालेली होती. मायक्रोसॉफ्टच्या कागदात स्पष्ट लिहिलंय: एसएमबी १ चा वापर १५ दिवस झाला नाही, मशीन बंद असलेले दिवस सोडून, तर ते स्वतःच स्वतःला काढून टाकतं. माझा वापर महिन्यातून एकदा! यंत्र आपलं काम चोख करत होतं. हा कागद विंडोज १० चा आहे. एक्सपीचं सगळं साहित्य पालथं घातलं असतं तरी ही ओळ सापडली नसती.

स्टोरेज पेटीचंही तसंच. अशा पेट्यांच्या आत बहुधा सांबा असतं, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम. सांबाने सप्टेंबर २०१९ च्या ४.११ या व्हर्जनपासून एसएमबी १ मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. पेटीचं फर्मवेअर (तिचा आतला प्रोग्रॅम) रात्री अपडेट झालं की सकाळी एक्सपीला ती दिसेनाशी होते. त्याआधी, ४.५ पासून, सांबाने पासवर्ड तपासायची जुनी एनटीएलएम पद्धतही नाकारायला सुरुवात केली होती. दोन्हींची लक्षणं वेगळी असतात, हे लक्षात ठेवा. पेटी सापडतच नाही किंवा लगेच तुटते, तर प्रोटोकॉलची अडचण. पेटी दिसते, पासवर्ड विचारते, बरोबर पासवर्ड दिला तरी पुन्हा पुन्हा तोच चौकोन पुढे करते, तर पासवर्डच्या पद्धतीची. दुसरी अडचण एक्सपीकडूनच सुटते: 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी'मध्ये 'लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल' शोधा आणि 'फक्त एनटीएलएम व्ही२ पाठवा' हा पर्याय निवडा. होम एडिशनमध्ये ती खिडकीच नाही. तिथे रजिस्ट्रीतल्या 'एलएम कम्पॅटिबिलिटी लेव्हल' या नोंदीची किंमत ३ करावी लागते.

पहिल्या अडचणीला पेटीवर एसएमबी १ चालू करणं हा सोपा उपाय आहे आणि मी तो करत नाही. मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच प्रोटोकॉलमधल्या भोकातून घुसला होता. एका स्कॅनरसाठी सगळ्या घराची कडी काढून ठेवण्यात अर्थ नाही. मी पेटीवर एफटीपी (फाइल पाठवायची जुनी, साधी पद्धत) चालू केलं, फक्त एका फोल्डरपुरतं आणि फक्त या एका मशीनच्या पत्त्यासाठी. एक्सपीमध्ये एफटीपी मुळातच आहे. चार ओळींची बॅच फाइल केली, डेस्कटॉपवर ठेवली, स्कॅन झालं की डबल क्लिक. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो हे मान्य. म्हणून त्या खात्याला दुसरं काहीच उघडता येत नाही.

कागद आणि अपडेट कुठे सापडतात

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. मजकूर गेलेला नसतो, त्याचा पत्ता बदललेला असतो. जुन्या लिंकवर गेलं की मायक्रोसॉफ्टच्या मुख्य पानावर फेकलं जातं.

पहिला नियम: शब्दांनी शोधू नका, केबी क्रमांकाने शोधा. शब्दांनी शोधलं की 'पाच मिनिटांत दुरुस्ती' वाल्या टूलच्या जाहिराती येतात. क्रमांकाने शोधलं की मूळ लेख किंवा त्याची नक्कल येते. क्रमांक नसेल तर एरर कोड किंवा फाइलचं नेमकं नाव घ्या. एकदा एक लेख सापडला की त्याच्या तळाशी आणखी चार क्रमांक असतात, त्यांचा माग काढत जायचं. एक्सपीच्या टीसीपी-आयपीच्या सगळ्या रजिस्ट्री नोंदी केबी ३१४०५३ मध्ये एका जागी आहेत. तो लेख मी छापूनच ठेवलाय.

मायक्रोसॉफ्टच्या लर्न साइटवर 'प्रीव्हियस व्हर्जन्स' म्हणून एक विभाग आहे. टेकनेट या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तांत्रिक साइटचं पुष्कळ साहित्य तिथे हलवलंय. शोधयंत्रं ते वर आणत नाहीत, म्हणून शोधताना 'प्रीव्हियस व्हर्जन्स' हे शब्द जोडा. तिथेही नसेल तर इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. जुनी लिंक जशीच्या तशी टाका आणि २०१४ च्या आधीचं एखादं वर्ष निवडा. नंतरच्या वर्षांत बरेचदा त्या लिंकवर 'पान हलवलं आहे' हेच साठवलेलं असतं. चित्रं नसतील, पण मजकूर असतो. कधी कधी डाउनलोडची फाइलही असते.

तिची गरज पडतेच, कारण ३ ऑगस्ट २०२० ला मायक्रोसॉफ्टने डाउनलोड सेंटरवरून शा-१ या जुन्या पद्धतीच्या सहीच्या फाइल काढून टाकल्या. एक्सपीच्या काळातलं जवळपास सगळंच शा-१ चं. तरीही पुष्कळ अपडेटं मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये अजून मिळतात. तिथे केबी क्रमांक टाका. एक्सपीवरून ही साइट उघडायचा हट्ट करू नका, नव्या मशीनवर उतरवा आणि पेन ड्राइव्हवरून न्या. फाइल निवडताना भाषा आणि ३२-६४ बिट नीट बघा. एक्सपीची अपडेटं भाषेनुसार वेगळी असतात. इंग्रजी विंडोजवर दुसऱ्या भाषेचा पॅच बसत नाही, आणि एरर मात्र संदिग्ध येते.

कॅटलॉगच्या फाइलचं नाव लांबलचक असतं. शेवटी अंडरस्कोअर आणि त्यानंतर ४० अक्षरांची एक शेपटी. लोक नाव छोटं करायला ती उडवतात. उडवू नका. ती शेपटी म्हणजे त्या फाइलचाच शा-१ हॅश, तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, आहे. फाइल दुसऱ्याच कुठून तरी मिळाली, तरी नव्या विंडोजवर 'सर्टयुटिल' कमांडने 'हॅशफाइल' काढा. काही वेगळं सांगितलं नाही तर ती शा-१ च देते. उत्तर शेपटीशी जुळलं तर फाइल जशीच्या तशी. शिवाय फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स'चा टॅब उघडून सही कोणाची ते बघा. टॅबच नसेल तर ती फाइल बाजूला ठेवा.

सीडी हरवली नसेल तर ती आधी उघडा. एक्सपीच्या सीडीवर 'सपोर्ट' फोल्डरच्या आत 'टूल्स' आहे. तिथल्या 'डिप्लॉय' कॅबमध्ये (दाबून भरलेल्या फाइलमध्ये) संदर्भाच्या हेल्प फाइल आहेत, आणि सपोर्ट टूल्स बसवली की 'नेटडायग' मिळतं, जे नेटवर्कच्या एकेका थराची तपासणी करून कुठे नापास झालं ते सांगतं. फार जुन्या उपकरणाला नेटब्यूई हा जुना नेटवर्क प्रोटोकॉल लागत असेल तर तेही सीडीवरच आहे, 'व्हॅल्यूअ‍ॅड' फोल्डरमध्ये खोल कुठेतरी.

जुने कागद नव्या मशीनवर वाचताना दोन खड्डे आहेत. 'सीएचएम' ही हेल्प फाइल उघडते, डाव्या बाजूला अनुक्रमणिका येते, उजवीकडे कोरं पान. फाइल खराब नाही. इंटरनेटवरून आली म्हणून विंडोजने तिला अडवलंय. प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' दाबा. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून उघडत असाल तर आधी स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा, कारण २००५ च्या एका सुरक्षा अपडेटपासून तसं उघडणं बंद आहे. दुसरा खड्डा त्याहून जुन्या 'एचएलपी' फाइलचा. त्या वाचणारा 'विनहेल्प ३२' व्हिस्टापासून विंडोजबरोबर येत नाही. विंडोज ७ साठी तो केबी ९१७६०७ म्हणून वेगळा मिळायचा. मी भानगडच ठेवली नाही: एचएलपी एक्सपीवरच उघडतो, तीच त्याची जागा.

ड्रायव्हरसाठीही नावाने शोधणं फसवं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स' टॅब आहे, तिथला हार्डवेअर आयडी उतरवून घ्या. त्यातला व्हेंडर क्रमांक १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. पुढचा डिव्हाइस क्रमांक ८१६८ असला तर रियलटेकचं गिगाबिट, ८१३९ असला तर जुनं १०० एमबीपीएसचं. खोक्यावर काहीही छापलेलं असो, ड्रायव्हर या क्रमांकावरून मिळतो.

वेग, वायफाय आणि बाकीचं

गिगाबिट कार्ड टाकून इंटरनेट धावेल असं समजू नका. १०० एमबीपीएसच्या कार्डावर एक्सपीची टीसीपी विंडो, म्हणजे पोचपावतीची वाट न बघता एका दमात येऊ शकणारा माहितीचा साठा, १७,५२० बाइटची असते. पलीकडचा सर्व्हर १०० मिलिसेकंद दूर असेल तर एका जोडणीला जेमतेम १.४ एमबीपीएस मिळतात. वेग इथे कार्डावर नाही, विंडोवर अडतो. घरातल्या घरात अंतर एक मिलिसेकंदाचंही नसतं, म्हणून तिथे हे जाणवत नाही. विंडो वाढवायची कृती मघाशी सांगितलेल्या केबी ३१४०५३ मध्ये आहे. मी वाढवलेली नाही, मला या मशीनवरून दूरचं काही उतरवायचंच नसतं.

वायफाय शक्यतो नकोच, केबल टाका. अगदी इलाज नसेल तर: सर्व्हिस पॅक ३ मध्ये डब्ल्यूपीए २ (वायफायच्या सुरक्षेची पद्धत) आहे, डब्ल्यूपीए ३ एक्सपीला कधीच मिळालं नाही. नव्या राउटरवर 'फक्त डब्ल्यूपीए ३' किंवा 'मॅनेजमेंट फ्रेम संरक्षण सक्तीचं' असं असेल तर एक्सपी जोडलं जाणार नाही. गेस्ट नेटवर्क डब्ल्यूपीए २ वर ठेवून तिथे जोडा.

आयपीव्ही ६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) एक्सपीवर बसवता येतं, पण नावं शोधायच्या चौकश्या ते आयपीव्ही ४ वरूनच पाठवतं. डीएनएसचा आयपीव्ही ४ पत्ता हाताने देऊन ठेवा.

विंडोज ७ वाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यात टीएलएस १.२ आहे, पण विंडोजच्या काही आतल्या भागांत ते वापरलं जात नाही. केबी ३१४०२४५ आणि त्यात दिलेली रजिस्ट्री नोंद लागते. विंडोज अपडेट ८००७२ईएफई अशी एरर देऊन थांबत असेल तर सर्व्हिस पॅक १ वर आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, हे दोन्ही कॅटलॉगमधून आणून हाताने बसवा. हा क्रम मोडू नका.

आणि एक्सपीसाठी सपोर्ट संपल्यावर निघालेल्या पॅचांपैकी दोन महत्त्वाचे, ते नसतील तर नेटवर्कची केबल लावायच्या आधी बसवा: वॉनाक्रायसाठीचा केबी ४०१२५९८, मे २०१७ चा, आणि रिमोट डेस्कटॉपमधल्या भोकासाठीचा केबी ४५००३३१, मे २०१९ चा. दोन्ही कॅटलॉगमध्ये साध्या एक्सपीच्या नावानेच आहेत, सोंगाची गरज नाही. त्यानंतर राउटरमध्ये या मशीनच्या पत्त्याला बाहेर जायला बंदी घाला. माझं एक्सपी आता फक्त पेटीपर्यंत जातं. त्यामुळे वर सांगितलेल्या टीएलएसच्या भानगडी महिनोन्‌महिने समोरही येत नाहीत.

मशीनच्या पत्र्यावर एक कागद चिकटवलाय. त्यावर बॅटरी बदलल्याची तारीख, कार्डाचा हार्डवेअर आयडी, एफटीपी खात्याचं नाव आणि पेटीच्या फर्मवेअरचं व्हर्जन आहे. ते व्हर्जन बदललं की मी आधी पेटीच्या रिलीज नोट्स काढून वाचतो, एक्सपी त्यानंतर चालू करतो.